दोषी ठरल्यानंतर पुढे काय? फौजदारी न्यायालयात शिक्षा कशी ठरते आणि त्या सुनावणीची तयारी कशी करावी

निकालाच्या दिवशी न्यायाधीश आधी गुन्हा शाबीत झाला की नाही एवढेच सांगतात. शाबीत झाला असेल तर आरोपीला विचारले जाते, "शिक्षेबद्दल काय म्हणणे आहे?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. घरात कमावणारा मी एकटा, मुले लहान आहेत, आईवडील म्हातारे आहेत, दया करा. बचावाचे वकील सौम्य शिक्षा मागतात, सरकारी वकील जास्तीत जास्त शिक्षा मागतात आणि एका माणसाची पुढची काही वर्षे कुठे जाणार हे थोडक्या वेळात ठरून जाते. ज्या खटल्यात साक्षीपुराव्यावर वर्षे गेली, त्यात शिक्षेच्या मुद्द्यावर अनेकदा एकही कागद दाखल झालेला नसतो.

हे मला फार खटकते, कारण कायद्याने हा टप्पा मुद्दाम वेगळा ठेवला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम २३५(२) मध्ये शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी आणली. आज ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये संतासिंग खटल्यात सांगितले की ही सुनावणी म्हणजे नुसता उपचार नाही. तिथे कागदपत्रे देता येतात, गरज पडली तर पुरावाही देता येतो. ती संधी न मिळाल्यामुळे त्या खटल्यातली फाशीची शिक्षा रद्द करून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले गेले. आरोपीच्या घरच्यांना, पीडितांना आणि नव्या वकिलांना त्या दिवसाआधी काय करता येते, ते क्रमाने सांगतो.

आधी तारीख, मग कलम

गुन्हा कोणत्या दिवशी घडला ते पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या कृत्याला भारतीय दंड संहितेतलीच शिक्षा लागू होते, निकाल कधीही लागो. संविधानाच्या अनुच्छेद २०(१) नुसार कृत्य घडले त्या वेळच्या कायद्यात असलेल्या शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. नंतरच्या कायद्याने शिक्षा कमी केली असेल, तर तो फायदा मागायला मात्र विसरू नका.

मग शिक्षेचे कलम शब्द न शब्द वाचा. चोरीच्या कलमात तीन वर्षांपर्यंत कारावास, "किंवा" दंड, "किंवा" दोन्ही असे म्हटले आहे. म्हणजे न्यायालय नुसत्या दंडावरही थांबू शकते. खुनाच्या कलमात मृत्युदंड किंवा आजीवन कारावास "आणि" दंड आहे. तिथे तशी मुभा नाही. "पर्यंत" या शब्दाने वरची मर्यादा कळते, "पेक्षा कमी नसेल" याने खालची. बलात्कारासाठी किमान दहा वर्षे, हुंडाबळीसाठी किमान सात वर्षे, अमली पदार्थांच्या व्यापारी प्रमाणासाठी (म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या साठ्यासाठी) किमान दहा वर्षे आणि एक लाख रुपये दंड. किमान शिक्षा लिहिलेली असेल तर खालच्या न्यायालयाला कितीही कणव आली तरी त्याखाली जाता येत नाही. अशा खटल्यात दयेच्या युक्तिवादावर वेळ घालवण्यापेक्षा किमान शिक्षेच्या वर एकही महिना का जाऊ नये, यावर जोर द्या.

न्यायालयाचा अधिकारही तपासा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कारावास देऊ शकतात आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार ५०,००० रुपयांपर्यंत दंड. मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत जाऊ शकतात. सत्र न्यायाधीश कायद्यातली कोणतीही शिक्षा देऊ शकतात, पण मृत्युदंड उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

शिक्षेचा मोठा भाग कोणते कलम शाबीत झाले इथेच ठरतो. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कार्टर रोडवर भरधाव गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली आणि सात जणांचा जीव गेला. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानला. त्या कलमाची कमाल शिक्षाच दोन वर्षांची होती. चालकाला सहा महिने कैद आणि पाच लाख रुपये दंड झाला. उच्च न्यायालयाने तेच कृत्य सदोष मनुष्यवध ठरवले आणि शिक्षा तीन वर्षे सश्रम कारावास झाली. रस्ता तोच, गाडी तीच, माणसे तीच, फक्त कलम बदलले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तीन वर्षेही फार अपुरी असल्याचे नोंदवले, पण राज्य सरकारने शिक्षा वाढवण्यासाठी अपील केले नसल्याने ती वाढवली नाही. "एवढ्या मोठ्या गुन्ह्याला एवढीशी शिक्षा?" असा संताप येतो तेव्हा आधी शाबीत झालेले कलम पाहावे आणि मग सरकारने अपील केले का ते पाहावे. उत्तर पुष्कळदा या दोन जागी सापडते.

तुरुंग हवाच का, हा प्रश्न आधी विचारा

किती वर्षे, हे विचारण्याआधी कारावास लागणारच आहे का, हे विचारायचे असते. बचावपक्षाकडून सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८, म्हणजे आपण बोलतो ते प्रोबेशन. त्याच्या कलम ३ खाली साधी चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, आधी शिक्षा झालेली नसेल तर ताकीद देऊन सोडता येते. कलम ४ ची कक्षा मोठी आहे. मृत्युदंड किंवा आजीवन कारावास ज्याला लागू शकत नाही, अशा गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, आरोपीला सोडता येते. त्यासाठी त्याचा किंवा जामीनदाराचा पक्का पत्ता किंवा नेमाचा कामधंदा असावा लागतो, म्हणून रेशनकार्ड, भाडेकरार, मालकाचे पत्र हे साधे कागद इथे फार मोलाचे ठरतात.

आरोपी २१ वर्षांच्या आतला असेल तर कलम ६ आपोआप पुढे येते. ज्याला जन्मठेप लागू शकत नाही अशा गुन्ह्यात त्याला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो आणि तरीही कैद दिलीच तर कारणे लिहायची असतात. वय मोजायचे ते न्यायालय दोषी ठरवून शिक्षा देते त्या दिवशीचे, गुन्हा घडला त्या दिवशीचे नव्हे. खटला रेंगाळला आणि पोरगा बावीस वर्षांचा झाला, तर हे संरक्षण हातातून जाते. कलम ४ चा मार्ग मात्र तेव्हाही खुला असतो.

प्रोबेशन देता आले असते पण दिले नाही, तर त्याची खास कारणे निकालपत्रात लिहावी लागतात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०२). "गुन्हा गंभीर आहे, सबब प्रोबेशन देता येत नाही" एवढी एक ओळ अनेक निकालपत्रांत दिसते. माझ्या मते ती पुरेशी नाही आणि अपिलात हा मुद्दा घ्यायलाच हवा. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ११ नुसार अपील न्यायालयही प्रोबेशन देऊ शकते. त्याच अधिनियमाच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीतून येणारी अपात्रता लागत नाही, पण नोकरीतली खातेनिहाय कारवाई टळेलच असे नाही. अमली पदार्थांच्या कायद्याखाली १८ वर्षांवरच्या दोषीला, सेवनासारखे मोजके गुन्हे (कलम २६ आणि २७) सोडले तर, प्रोबेशन मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही नवी शिक्षाही आणली आहे. ती मोजक्या गुन्ह्यांना आहे: सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन धिंगाणा, बदनामी आणि असेच थोडे. चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवा हीच शिक्षा सांगितली आहे. अशा वेळी मालाच्या किमतीची नोंद पंचनाम्यात बरोबर आहे का ते बघा. तिथे ५,५०० लिहिले गेले असेल तर वाट बंद होते.

सुनावणीआधी कागद गोळा करा

सत्र खटल्यात युक्तिवाद संपल्यापासून ३० दिवसांत निकाल द्यावा, कारण नोंदवून ४५ दिवसांपर्यंत, असे नव्या संहितेत म्हटले आहे. हे दिवस वाया घालवू नका. "आत्ताच शिक्षेची तयारी म्हणजे हार मानणे" असे घरच्यांना वाटते आणि वकीलही विषय टाळतात. मी तर सांगेन, तयारीची फाईल वेगळी ठेवा. निर्दोष सुटला तर ती उघडावीच लागणार नाही.

त्या फाईलमध्ये वयाचा दाखला, शाळेचे कागद, कामाच्या ठिकाणचे पत्र, आजारपणाची सरकारी रुग्णालयातली कागदपत्रे, अवलंबून असलेल्या माणसांचा तपशील असावा. आरोपी कच्चा कैदी म्हणून आत असेल तर तुरुंग अधीक्षकांकडून वर्तणुकीचा अहवाल मागवण्यासाठी अर्ज करा. आत राहून शिक्षण घेतले, काम केले, त्याचीही नोंद घ्या. व्यसन किंवा मानसिक आजार असेल तर उपचाराचे कागद लावा. तोंडी सांगितलेल्या आजाराला वजन राहत नाही. पीडिताला भरपाई द्यायची तयारी असेल तर रक्कम आणि मुदत लेखी कळवा. "ऐपतीप्रमाणे देऊ" या वाक्यावर न्यायालय काही ठरवू शकत नाही.

कागद यायचे बाकी असतील तर सुनावणी पुढे ठेवण्यासाठी अर्ज द्या आणि कोणता कागद कधी मिळणार ते त्यात लिहा. फाशी होऊ शकते अशा खटल्यात शिक्षेवरची सुनावणी शक्यतो पुढच्या तारखेला ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटले आहे. इतर खटल्यांतही हे मागायला संकोच कशाला?

सरकार पक्षाकडून अशा वेळी आरोपीवरच्या गुन्ह्यांची यादी पुढे येते. ती नीट वाचा. पोलीस ठाण्यात दाखल झालेला गुन्हा वेगळा आणि न्यायालयात झालेली शिक्षा वेगळी. चालू खटले किंवा सुटका झालेले खटले ही पूर्वशिक्षा नव्हे. आधीच्या शिक्षेमुळे वाढीव शिक्षा मागायची असेल तर ती पूर्वशिक्षा दोषारोपात नमूद करून शाबीत करावी लागते. यादीतल्या प्रत्येक गुन्ह्यापुढे "प्रलंबित", "निर्दोष", "शिक्षा" असे लिहून तो तक्ता न्यायालयाला द्या.

न्यायाधीश तोलतात काय

भारतात शिक्षेसाठी बांधील मार्गदर्शक तक्ता नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्ये त्याची शिफारस केली, माधव मेनन समितीने २००८ मध्ये तोच विषय घेतला, तरी तो झाला नाही. त्यामुळे सारख्या गुन्ह्याला दोन न्यायालयांत वेगळी शिक्षा होते आणि लोकांना ते अन्यायाचे वाटते. वाटणे चुकीचे नाही. यावर हाती असलेला उपाय एकच: आपल्या उच्च न्यायालयाचे, मिळत्याजुळत्या घटनांचे दोनतीन निकाल शोधून दाखवणे. दहा निकालांची चळत देऊ नका.

तोलताना एका बाजूला कृत्य असते: आधी कट होता का, विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेतला का, पीडित लहान मूल, वृद्ध, असहाय होते का, इजा किती आणि ती कायमची आहे का. दुसऱ्या बाजूला माणूस असतो: वय, पहिलाच गुन्हा, चिथावणी, गुन्ह्यातली दुय्यम भूमिका, मधल्या वर्षांतले वागणे, सुधारण्याची शक्यता. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. जी बाब कलमाचाच घटक आहे, ती शिक्षा वाढवण्यासाठी पुन्हा मोजली जाऊ नये; प्राणघातक हत्यारासाठीच जास्त शिक्षेचे कलम लावले असेल तर "हत्यार वापरले" हे वाढीचे आणखी एक कारण होऊ शकत नाही. आणि आरोपीने गुन्हा नाकारून खटला लढवला, हा त्याचा हक्क आहे. त्याची किंमत शिक्षेत मोजायला लावू नये.

आदेशातले गणित

शिक्षेचा आदेश ऐकताना लोक मोठा आकडा ऐकतात आणि बाकीचे निसटते. एक काल्पनिक आदेश घेऊ. रात्रीच्या घरफोडीसाठी दोन वर्षे सश्रम कारावास आणि ५,००० रुपये दंड, दंड न भरल्यास एक महिना साधा कारावास. चोरीसाठी एक वर्ष सश्रम कारावास आणि ३,००० रुपये दंड, न भरल्यास १५ दिवस. दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या. आरोपीने निकालाआधी नऊ महिने तुरुंगात काढले आहेत.

एकत्र भोगायच्या म्हटल्यामुळे एक वर्ष दोन वर्षांच्या पोटात जाते. २४ महिन्यांतून नऊ वजा, राहिले १५ महिने. ही वजावट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ खाली मिळते, पण फक्त त्याच गुन्ह्याच्या तपासात आणि खटल्यात आत काढलेल्या दिवसांची. दंड भरला नाही तर दीड महिना वर जातो. ही कैद मूळ शिक्षेत मिसळत नाही आणि तिच्यातून आधीचे नऊ महिनेही वजा होत नाहीत. दंडाचा काही भाग भरला तर त्या प्रमाणात दिवस कमी होतात. म्हणून पूर्ण रक्कम जमत नसेल तरी जमेल तेवढी भरावी. गरीब घरातली माणसे दोनचार हजारांसाठी जादा दिवस आत राहतात, आणि घरी कोणी हे समजावून सांगितलेले नसते.

आदेशात "एकामागून एक" असते तर हाच हिशेब ३६ वजा नऊ, म्हणजे २७ महिने झाला असता. त्याच संहितेच्या कलम २५ नुसार शिक्षा एकत्र की एकामागून एक, हे न्यायालयाने गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून सांगायचे आहे. आदेशात ते लिहिलेले नसेल तर तिथेच, त्याच क्षणी लक्षात आणून द्या. एकामागून एक दिल्या तरी एकूण बेरीज २० वर्षांवर जाऊ शकत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही मर्यादा १४ वर्षे होती.

पीडितांसाठी

तुम्ही फिर्यादी किंवा पीडित असाल तर शिक्षेच्या दिवशी नुसते बसून राहू नका. उपचाराची बिले, बुडालेला रोजगार, कायमच्या अपंगत्वाचा दाखला सरकारी वकिलांकडे आधीच द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली न्यायालय दंडातून भरपाई देऊ शकते आणि दंड नसलेल्या शिक्षेतही आरोपीला भरपाईचा आदेश देऊ शकते. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरपाईचा विचार करणे आणि ती दिली किंवा नाकारली तर कारणे लिहिणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. आरोपीकडे काहीच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाई योजनेतून अर्ज करता येतो. दंडातून मिळणारी रक्कम अपिलाची मुदत संपेपर्यंत हाती येत नाही, हे धरून चाला.

जन्मठेप आणि फाशी

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, आणि तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, हे समज आपल्याकडे घरोघरी आहेत. दोन्ही चूक. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. १४ वर्षे ही सुटकेची हमी नव्हे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यात शासनाची सूट मिळण्याआधी किमान १४ वर्षे प्रत्यक्ष भोगावीच लागतात. "सूट न देता २५ वर्षे" अशा प्रकारची शिक्षा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालय देऊ शकते, सत्र न्यायालय नाही. हे २०१५ च्या घटनापीठाच्या निकालाने पक्के झाले.

फाशीबद्दल १९८० च्या बचनसिंग खटल्याचे "दुर्मिळातले दुर्मिळ" हे शब्द सगळ्यांना पाठ आहेत, पण त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. त्या निकालात गुन्ह्याच्या क्रौर्याइतकेच महत्त्व माणसाला आहे, आणि तो सुधारणार नाही हे सरकारने पुराव्याने दाखवायचे आहे. २०२२ च्या मनोज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी बांधून दिले: आरोपीची मानसिक स्थिती, लहानपण, शिक्षण, घरची परिस्थिती, तुरुंगातले वागणे यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच गोळा व्हायला हवी. त्याच वर्षी शिक्षा कमी करणाऱ्या बाबी कधी आणि कशा विचारात घ्याव्यात हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. ज्या माणसाचे बालपण कसे गेले हे कोणी विचारलेच नाही, त्याला सुधारणेच्या पलीकडचा ठरवणे मला कधीच पटलेले नाही.

निकालानंतर

निकालपत्राची प्रत दोषी ठरलेल्याला मोफत आणि तातडीने मिळते, मागून घ्या. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील दाखल करेपर्यंत तेच न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० खाली शिक्षा स्थगित करून जामीन देऊ शकते. त्याचा अर्ज आणि जामीनदार निकालाच्या दिवशी तयार ठेवा, नाहीतर कागदांअभावी ती रात्र तुरुंगात जाते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात ३० दिवसांत, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करावे लागते. मृत्युदंडात मुदत ३० दिवसांचीच आहे.

शिक्षा कमी झाली असे वाटले तर ती वाढवण्याचे अपील राज्य सरकारने करायचे असते. सुटका, कमी गंभीर कलमाखाली दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई यांवर पीडित अपील करू शकतात, पण केवळ शिक्षा अपुरी या कारणावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे पीडितांनी निकालानंतर लगेच सरकारी वकिलांना लेखी अर्ज देऊन अपिलाचा प्रस्ताव पाठवायला सांगावे, आणि त्या अर्जाची पोच घ्यावी.

तुरुंगात असलेल्याला वकील करायची ऐपत नसेल तरी अपील अडत नाही. तो अर्ज आणि निकालाची प्रत तुरुंग अधिकाऱ्याकडे देऊ शकतो, ती पुढे अपील न्यायालयात जाते, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. भेटीला जाल तेव्हा अपिलाची तारीख कागदावर लिहून त्याच्या हाती द्या.